शाळेच्या फाटकासमोरचा इतिहास

आमच्या जालन्यात शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी नव्या वसाहतींकडच्या रस्त्यांवर जाऊ नये, असा आता अलिखित नियमच झाला आहे. भाजीवालेसुद्धा तेवढा अर्धा तास हातगाडी बाजूला घेऊन बसतात. स्कूटर, मोटारी, पिवळ्या गाड्या, रिक्षा, त्यात एखादा उसाचा नाहीतर सळयांचा ट्रॅक्टर... आणि या सगळ्यांच्या मधून पाठीवर दप्तर घेऊन वाट काढणारी लेकरं. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप चालला आहे, त्यांनाच तिथे पाय ठेवायला जागा नसते!

दोष कुणाचा, यावर रोज परिसंवाद झडतो. कुणी पोलिसांना बोलतो, कुणी रिक्षावाल्यांना, कुणी महानगरपालिकेला. (हो मंडळी, बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी सांगते, २०२३ पासून आपली नगरपालिका महानगरपालिका झाली आहे.) मी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला. त्यामुळे गर्दी दिसली की माझ्या मनात "कुणामुळे" याच्या आधी "कधीपासून" हा प्रश्न येतो. खोड आहे, जात नाही. तर कधीपासून, ते आज लिहून काढते.

मी पहिलीत गेले ते १९५७ साली. तेव्हा आमचा पत्ता असा : जालना, जिल्हा औरंगाबाद, राज्य मुंबई. निजामाचे राज्य जाऊन नऊ वर्षे झाली होती आणि मराठवाडा नुकताच द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. वडिलांचे वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत झालेले, त्यामुळे मला मराठीतून शिकताना पाहून त्यांना फार कौतुक वाटे. कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा जालना. जुन्यातली पोरं जुन्यातल्या शाळेत, नव्यातली नव्यातल्या. नदी ओलांडून शाळेला जाणारा मुलगा म्हणजे फार हुशार तरी असायचा नाहीतर फार उनाड तरी.

शाळेत मुलांना "सोडायला" कुणी जात नसे. तसा शब्दप्रयोगच आमच्या कानावर नव्हता. व्यापाऱ्यांच्या घरच्या तीन-चार मुली टांग्यातून यायच्या, त्या टांग्याकडे आम्ही आ वासून बघायचो, घोड्याला गवताची काडी द्यायचो. बाकी सगळे पायी. वडील मंडळींना आपला मुलगा कितवीत आहे हे माहीत असले तरी पुष्कळ झाले, अशी परिस्थिती!

पण अगदी लहानग्यांचे काय? त्यांच्यासाठी मावशी असायची. आमच्या बालवाडीची मावशी नऊवारी खोचून सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राही आणि एकेका घरापुढे हाक मारी. हाक आली की पोर बाहेर. रडणारे असेल तर कडेवर, बाकीच्यांनी एकमेकांचा सदरा धरायचा. अशी दहा-पंधरा पोरांची आगगाडी गल्लीगल्लीतून वाढत वाढत शाळेपर्यंत पोचायची आणि सुटल्यावर तशीच कमी कमी होत परत यायची. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी पाहुणे आले आहेत, कोणाचे वडील परगावी गेले आहेत, हे सगळे मावशीला ठाऊक. परदेशात आता या पद्धतीला "चालती बस" म्हणतात आणि तिच्यावर अभ्यास होतात. जपानमध्ये तर प्राथमिक शाळेची मुले आजही एका भागातली मिळून, मोठा पुढे आणि छोटे मागे, अशी रांगेने चालत शाळेत जातात. म्हणजे आमच्या मावशीने काही मागासलेले काम केले नव्हते म्हणायचे.

मोठ्या मुलांच्या हाती मग सायकल आली. घरची सायकल वडिलांची, उंच दांडीची. मुले दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकायची. मुलींच्या वाट्याला ती उशिरा आली. मी शिकवू लागले १९७४ साली, तेव्हा माझ्या वर्गात सायकलने येणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढच्या पंधरा वर्षांत शाळेच्या आवारात मुलींच्या सायकलींसाठी वेगळी पत्र्याची शेड बांधावी लागली. ती शेड पाहून मला जो आनंद व्हायचा तो शाळेच्या निकालानेसुद्धा कधी झाला नाही. सायकलींची गर्दी व्हायची, नाही असे नाही. पण सहाशे सायकली दहा मिनिटांत फाटकातून बाहेर पडून पांगून जात. सायकल रस्ता अडवून उभी राहत नाही, कारण तिचा मालक तिच्यावर बसूनच निघालेला असतो.

आता इथे गावाची गोष्ट सांगणे भाग आहे. नाहीतर शाळा लांब का गेल्या ते कळणार नाही.

जालना व्यापाराचे गाव आधीपासूनच. "जालना सोने का पालना" ही म्हण काही उगाच पडली नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि बियाण्यांच्या धंद्यात गावाचे नाव देशभर झाले. मग लोखंडाच्या सळयांचे कारखाने आले, औद्योगिक वसाहत वाढली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. त्याबरोबर जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालये, आणि या सगळ्यांचे कर्मचारी आले. १९८१ साली गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास होती, २००१ मध्ये ती सुमारे २ लाख ३५ हजार झाली आणि २०११ मध्ये सुमारे २ लाख ८५ हजार. ही माणसे राहायला कुठे गेली? अंबड रस्त्याला, मंठा रस्त्याला, भोकरदन रस्त्याला, चंदनझिऱ्याकडे. काल ज्वारी उभी होती त्या वावरात आज चुन्याच्या रेघा, परवा पाया.

हे प्लॉट पडले ते पुष्कळसे गुंठेवारीने. एक गुंठा, दोन गुंठे, ज्याला जेवढे झेपेल तेवढे. गरिबाला घर मिळाले, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण गुंठेवारीत विकणारा विकतो तो विकण्याजोगा इंचन् इंच. शाळेची जागा, मैदान, रुंद रस्ता हे कोण सोडणार? राज्यात सगळीकडेच हे झाले, म्हणून तर २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. घरे नियमित करता येतात. न सोडलेले मैदान कसे नियमित करणार?

जिथे नगररचनेचा आराखडा होता तिथेही गंमत आहे. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्यात शाळेसाठी, खेळासाठी जागा राखून ठेवता येतात. पण त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमात असेही आहे की दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठते. मालकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे. कुणाची जमीन किती वर्षे अडकवून ठेवायची? पण शाळेच्या बाजूने बोलणारा कुणी नसतो, आणि छोट्या नगरपालिकांकडे जमीन घ्यायला पैसे नसतात. अशी नकाशावरची शाळा नकाशावरच म्हातारी होते आणि नकाशावरच मरते.

याच्या अगदी उलट विचार जगात कुणी केला नव्हता का? केला होता, आणि फार पूर्वी. न्यूयॉर्कच्या आराखड्यासाठी क्लॅरेन्स पेरी नावाच्या गृहस्थाने १९२९ साली वस्ती कशी असावी याची एक कल्पना मांडली. त्याने वस्तीचे माप शाळेवरून काढले! एक प्राथमिक शाळा चालेल एवढीच घरे, शाळा मधोमध, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, म्हणजे लेकराला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. आपल्याकडे चंदीगडचे सेक्टर याच विचाराचे, आठशे मीटर बाय बाराशे मीटर, शाळा आत, वेगाची वाहतूक बाहेर. एवढे लांब कशाला, शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सिडकोने १९७० च्या दशकापासून जी सेक्टरांची वसाहत उभी केली तिच्यातही शाळांना, बागांना जागा आखलेल्या. माझी धाकटी बहीण तिथे राहायची. तिची मुले सातवीपर्यंत पायी गेली आणि तिला त्याचे काही विशेष वाटले नाही. विशेष वाटू नये, हीच तर त्या आखणीची करामत.

शाळा लांब जाण्याचे दुसरे कारण पैशाचे आहे. आमच्या वेळी शाळेला मान्यता आणि अनुदान हवे असेल तर त्या भागात शाळेची गरज आहे का, जवळ दुसरी शाळा आहे का, हे पाहिले जाई. २००१ नंतर सरकारने नव्या शाळांना "कायम विनाअनुदानित" तत्त्वावर मान्यता द्यायला सुरुवात केली. (त्यातला "कायम" शब्द २००९ मध्ये काढला, पण तोवर गाडी पुढे गेली होती.) मग २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला. संस्थेने स्वतःच्या पैशाने शाळा काढायची म्हटल्यावर ती जमीन स्वस्त असेल तिथेच जाणार, म्हणजे गावाबाहेर, हमरस्त्याला लागून. रस्त्यावरून पाटी दिसते, हाही फायदा. आणि पालकांना इंग्रजी माध्यम हवे होते. माझ्या स्वतःच्या नातवंडांना हवे होते, तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? गल्लीतली मराठी शाळा चारशे पावलांवर असताना लेकरू चार किलोमीटरवर जाऊ लागले. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने प्राथमिक शाळेचे अंतर एक किलोमीटर आणि त्यापुढच्या वर्गांचे तीन किलोमीटर धरले आहे, ते सरकारने शाळा कुठवर पुरवावी याचे. पालकाने शाळा कुठवर शोधावी याला काही मर्यादा नाही.

आता वाहने. चार किलोमीटर लेकरू चालणार कसे? म्हणून आधी रिक्षावाले काका आले. या काकांविषयी मी कधी वाईट बोलणार नाही. तीन माणसांच्या रिक्षात आठ-नऊ पोरे, दप्तरे बाहेर लटकलेली, हे धोक्याचे होते यात शंकाच नाही. पण काकांना पोरांची घरे ठाऊक होती आणि आई दारात दिसल्याशिवाय ते हलत नसत. एका अर्थी ती आमची मावशीच, फक्त तीन चाकांवर. मग छोट्या व्हॅन आल्या, पिवळ्या बस आल्या. मोठी मुले लुनावरून, पुढे स्कूटीवरून येऊ लागली. कायद्याने सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचा. आता तशा पेट्रोलच्या गाड्या दुकानात मिळत नाहीत, मिळतात त्या दुप्पट ताकदीच्या. तरी नववी-दहावीची पोरे त्याच घेऊन येतात आणि शाळेच्या आत लावू देत नाहीत म्हणून मागच्या गल्लीत कुणाच्या तरी दारात उभ्या करतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा वेळी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. हे मी पालकांना सांगितले की ते म्हणतात, "बाई, क्लासला कोण सोडणार मग?"

नियम नाहीत असे नाही. ते कसे आले तेही सांगते, कारण त्यामागे फार मोठे दुःख आहे. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले गेली. महिनाभरात, १६ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबद्दल आदेश काढले. बसवर शाळेचे नाव आणि फोन नंबर, खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवण्याचे साधन, अनुभवी चालक. आज पिवळ्या गाडीवर जे जे लिहिलेले दिसते त्यातले पुष्कळसे त्या २८ लेकरांच्या नावे आहे. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बसची स्वतंत्र नियमावली केली. तिच्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शालेय परिवहन समिती. मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि सोबत पालक, वाहतूक पोलीस, परिवहन खात्याचा माणूस, बसवाल्यांचा प्रतिनिधी. म्हणजे रोज ज्यांची एकमेकांशी भांडणे होतात ते सगळे एका टेबलाशी. आपल्या मुलाच्या शाळेत ही समिती आहे का, तिची बैठक कधी झाली, हे विचारून बघा. मी तीन-चार ठिकाणी विचारले. एका शाळेत मला चहा मिळाला.

मी शिकवत होते त्या शाळेचे नाव लिहीत नाही. २००४ च्या जुलैत, पाऊस पडत होता, पाचवी सुटली होती. एका पालकांनी जीप मागे घेतली आणि आमची एक मुलगी चाकाखाली आली. जीव वाचला, पण पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. ते पालक वाईट नव्हते. मागून हॉर्न वाजत होते, समोरून रिक्षा आली होती, काचेवर पाणी होते आणि मुलगी उंचीने एवढीशी. तिला उचलले तेव्हा ती मला काय म्हणाली असेल? "बाई, वह्या भिजल्या."

त्यानंतर आम्ही शिक्षकांनी बसून नीट विचार केला. सकाळी फारशी अडचण होत नाही, कारण पोर उतरले की गाडी जाते. अर्धा मिनिट. दुपारी मात्र पालक पंधरा-वीस मिनिटे आधीच येऊन उभे राहतात, जवळची जागा मिळावी म्हणून. एकाच्या पुढे दुसरा, दुसऱ्याच्या पुढे तिसरा, आणि पहिला निघायचा म्हटला तर सगळे हलले पाहिजेत. त्यातून दोन पाळ्यांची शाळा. सकाळची सुटते तेव्हाच दुपारची भरते. हिशेब साधा आहे. पन्नास मुले एका बसमध्ये बसतात, बस बारा मीटर लांब. तीच पन्नास मुले एकेका मोटारीने आली तर मधल्या अंतरासकट अडीचशे मीटर रांग लागते. आमच्या शाळेसमोरचा रस्ता चौकापासून चौकापर्यंत तेवढाच नव्हता! रस्ता रुंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा ही वजाबाकी करून पाहावी.

म्हणून तीन गोष्टी केल्या. पाचवी आधी सोडायची, दहा मिनिटांनी सहावी-सातवी, मग मोठे. दोन पाळ्यांमध्ये अर्ध्या तासाचे अंतर. आणि फाटकापासून दोनशे पावलांवर देवळाचे मैदान होते, तिथे गाड्या थांबवायच्या, मुले रांगेने शिक्षकांबरोबर तिथवर चालत येतील. पालकांनी आधी आरडाओरड केली. "ऊन लागेल", "पाऊस लागेल", "आम्ही फी भरतो". फी फार नव्हती, पण असो. दिवाळीपर्यंत सगळे सवयीचे झाले आणि फाटकासमोर इतकी शांतता की शिपाईमामा बिडी ओढायला पुन्हा बाहेर बसू लागले. तीन वर्षे हे चालले. मग मैदानाला कुंपण पडले, तिथे मंगल कार्यालय झाले आणि गाड्या परत फाटकाशी आल्या. त्याच सुमारास इटलीतल्या बोल्झानो गावाबद्दल मी वाचले. तिथे शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी शाळेपुढचा रस्ताच गाड्यांना थोडा वेळ बंद करतात, आणि हे १९८९ पासून चालू आहे. त्यांचा रस्ता कुणी मंगल कार्यालयाला देत नाही, एवढाच फरक.

गंमत म्हणजे जिथे अंतर जास्त आणि पैसा कमी, त्या खेड्यांत सरकारने काम बरे केले. मुलींना एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळाला. पुढे मानव विकास मिशनच्या निळ्या बस आल्या, मुलींना सायकली मिळाल्या. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या कितीतरी मुली या निळ्या बसमुळे दहावीच्या पुढे शिकल्या. वर्गातून गळालेल्या मुलींची नावे हजेरीपटावर लाल शाईने खोडणारी मी बाई, मला त्या बसचे मोल माहीत आहे. त्या बसमध्ये कधी दप्तरापेक्षा माणसे जास्त असतात, वेळ चुकते, सगळे खरे. पण गावात जिथे चार-चार मोटारी दारात आहेत तिथे असे "सगळ्यांनी मिळून" काही सुचले नाही.

कोरोनाने राहिलेले मोडले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्या ओळखीच्या दोन काकांनी रिक्षा विकल्या, एक जण भाजी विकू लागला. शाळा उघडल्या तेव्हा पालकांना स्वतःच नेण्याची सवय लागली होती. मग ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. लेकरांची झोप व्हावी हा हेतू, आणि आजी म्हणून मला तो पटतो. पण जी गर्दी सकाळी सातला मोकळ्या रस्त्यावरून जात होती ती आता कचेऱ्या आणि बाजार उघडण्याच्या वेळेला येऊन भिडली. बसवाल्यांचीही पंचाईत, त्यांची एकच गाडी आधी मोठ्यांची आणि मग छोट्यांची फेरी करायची. निर्णय झोपेचा, आणि परिणाम रस्त्यावर. ज्या समितीबद्दल मी वर लिहिले तिने बसून वेळा मागेपुढे करायच्या, तर तिची बैठक व्हायला हवी.

आमच्या वसाहतीत सध्या एवढे झाले आहे. आमच्या दोन गल्ल्यांतली नऊ मुले एकाच शाळेत जातात. शाळा एक किलोमीटरच्या आतच आहे, तरी नऊ गाड्या निघायच्या. शेजारचे निवृत्त तलाठी भाऊसाहेब आणि मी, आम्ही पाच घरांना तयार केले. सकाळी आम्ही दोघे पाच पोरांना घेऊन चालत जातो. भाऊसाहेबांना मुले "मावशी" म्हणतात, ते चिडत नाहीत. उरलेल्या चार घरांचे म्हणणे एकच आहे, मधला मोठा रस्ता. तिथे पट्टे नाहीत, गतिरोधक नाही, भाऊसाहेब हात वर करून मध्ये उभे राहतात तेव्हा माझाच जीव खालीवर होतो. पट्ट्यांसाठी अर्ज दिला, त्याची पोच आहे. दुसरा दिला, त्याचीही आहे. तिसरा भाऊसाहेबांनी आपल्या कचेरीच्या भाषेत लिहिला आहे, "विषयांकित प्रकरणी" वगैरे घालून. तो सोमवारी देणार आहोत. बाकीच्या चार आयांनी सांगितले आहे की पट्टे दिसले की त्या पोरे पाठवतील.